मुलगा वाढला, मग गट का वाढू नये?

गेल्या महिन्यात खामगावात एका सत्काराला गेलो होतो. राज्य स्पर्धेत 48 किलो गटात सुवर्ण मिळवलेल्या सतरा वर्षांच्या बॉक्सरचा सत्कार होता. मुलगा बुलढाणा जिल्ह्यातला, घाटाखालचा, बापाची कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीनची. वर्षभरात पोराची उंची चार बोटे वाढली आहे आणि जेवूनखाऊन असते ते वजन 54 च्या घरात गेले आहे. पुढच्या हंगामात वरच्या गटात जावे का, असे त्याने आपल्या प्रशिक्षकाला विचारले होते. उत्तर मात्र माइकवरून दिले एका जाणत्या गृहस्थांनी, ज्यांची उभी हयात मैदानावर गेली असे सगळे सांगतात. ते म्हणाले, "जिथे जिंकतोस तिथेच राहा. पिकती जमीन सोडून कुणी माळरान नांगरायला जातं का?" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मुलाने मान खाली घातली. मला राहवत नाही म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचे म्हणणे पुढे चहाच्या वेळी सविस्तर ऐकले. ते असे: विजेत्याने आपला गट सोडणे हा हव्यास आहे. खालच्या गटात उंच मुलाचा हात लांब पोचतो, वर गेला की तो फायदा जातो. वरच्या गटातला ठोसा जड असतो, मुलगा मार खाईल. वजन उतरवणे ही शिस्त आहे, सगळेच उतरवतात, त्यात रडण्यासारखे काही नाही. जगातले मोठमोठे बॉक्सर वर गेले आणि आपटले. शिवाय पदक गेले तर नोकरीतली सवलतही गेली.

हव्यासाचे आधी संपवतो. 54 किलोचा मुलगा 54 किलोंत लढू पाहतो, यात हव्यास कसला? सहा किलो हलक्या मुलांना हरवून दरवर्षी तेच पदक घरी न्यायचे, हव्यास असेल तर तो त्यात आहे. लांब हाताचे म्हणाल तर वर गेल्याने हात आखूड होत नाही, आणि हा मुलगा 54 च्या गटातही उंचच दिसेल. ठोसा जड असतो हे खरे. म्हणूनच तो झेलायला पोटात अन्न आणि अंगात पाणी लागते.

आता शिस्तीकडे येतो, कारण माझा खरा संताप तिथे आहे.

वजन उतरवणे म्हणजे काय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे? मी पाहिले आहे आणि भोगलेही आहे. तरुणपणी अकोल्याला एका स्पर्धेसाठी मी गटात बसण्यासाठी दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शेवटच्या सकाळी काटा दीडशे ग्रॅम जास्त दाखवत होता. प्लॅस्टिकचा रेनकोट अंगात चढवून, वर दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्या. घाम येईना, कारण घामाला पाणीच उरले नव्हते. मग रुमालात थुंकत बसलो. वजनात बसलो, रिंगमध्ये उतरलो, आणि दुसऱ्या फेरीत समोरच्याचा ठोसा येताना दिसत असून मान हलवता आली नाही. नंतर उस्तादांनी पाठ थोपटली. हरलो म्हणून नव्हे, वजनात बसलो म्हणून. ती थाप मी आजवर विसरलेलो नाही.

यात चरबी उतरत नाही. सतराव्या वर्षी सराव करणाऱ्या पोराच्या अंगावर उतरवण्याइतकी चरबी असतेच कुठे? उतरते ते पाणी. अंगातले पाणी गेले की रक्ताचे आकारमान घटते, तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त धावावे लागते, घाम आटल्याने अंगातली उष्णता आतच कोंडते. हे सगळे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चालते, जेव्हा घाटाखाली पारा 45 च्या आसपास असतो आणि शेतकरीसुद्धा दुपारी बांधावर थांबत नाही. त्या उन्हात मुलाला रेनकोट घालून पळवायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे! 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर महिन्याभराच्या अंतरात अशाच उतरवणीत दगावले. त्यानंतर तिथे रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या, शरीरातले पाणी तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरवायची पद्धत आली. तिथे त्यासाठी तिघांना मरावे लागले. आपण कुणाची वाट पाहतो आहोत?

आणि ती कुस्ती होती. इथे त्याच सुकलेल्या डोक्यावर ठोसे पडायचे असतात.

माइकवरून बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लपवली, किंवा त्यांना ती ठाऊक नसावी. व्यावसायिक बॉक्सरचे वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. त्याला भरून यायला जवळजवळ पूर्ण दिवस मिळतो. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत, त्याच दिवशी सकाळी काटा. अंतिम फेरीपर्यंत पाच लढती असतील तर पाच सकाळी उपाशी काट्यावर उभे राहायचे. म्हणजे मुलगा एकदा सुकत नाही, आठवडाभर सुकलेलाच राहतो.

चहाच्या वेळी मी कुस्तीगीर विनेश फोगाटचे नाव काढले तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "ते नशीब." नशीब कसे? पॅरिस ऑलिंपिकमध्ये 6 ऑगस्ट 2024 रोजी तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, त्यात जपानच्या युई सुसाकीला हरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत गेली. रात्रभर पळवली, केस कापले, तरी 100 ग्रॅम उतरेनात. ती त्याआधी 53 किलोंत खेळत होती. अंगाला न बसणाऱ्या 50 च्या गटात तिला उतरावे लागले, हे त्या 100 ग्रॅमचे मूळ. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने दहा तासांत 4.6 किलो उतरवून कांस्य जिंकले, हे उदाहरण ते देतील. देऊ देत. त्या रात्री अमनच्या भोवती प्रशिक्षकांचा ताफा होता. आमच्या पोराभोवती रेनकोट असतो आणि एक गाडग्याएवढा टेबल फॅन.

खामगावची कापसाची बाजारपेठ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कापूस ओला करून काट्यावर घालणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. मुलगा सुकवून काट्यावर घालणाऱ्याला मात्र आपण उस्ताद म्हणतो आणि शाल पांघरतो. दोन्हींत फसवायचा असतो तो काटाच.

याच मंडळींशी माझा एक जुना वाद आहे, तोही इथेच काढतो.  कुस्तीत हीच माणसे काय सांगतात? खा, पोरा, खा! कारण महाराष्ट्र केसरीची गदा 86 ते 125 किलोंच्या गटात आहे. 2018 मध्ये जालन्याला बाला रफिक शेखने बुलढाण्याकडून खेळून ती गदा जिंकली, तेव्हा जिल्हाभर आनंद झाला, मलाही झाला. पण त्यानंतर सत्तर किलोंच्या चपळ पोरांना दूध-तूप पाजून नव्वदीत ढकलायची घाई सुरू झाली. म्हणजे कुस्तीत मुलगा फुगवायचा आणि बॉक्सिंगमध्ये तोच सुकवायचा. मुलाचे स्वतःचे वजन या दोन्ही ठिकाणी कुणीच विचारत नाही.

वर गेलेले आपटले म्हणता, तर हिशेब पूर्ण मांडा. व्यावसायिक बॉक्सर केल ब्रुक 2016 मध्ये गोलोव्किनपुढे पाचव्या फेरीत थांबला, डोळ्याखालचे हाड मोडले. पण तो एक गट वगळून दोन पायऱ्या एकदम चढला होता. रॉय जोन्सने 2003 मध्ये वर जाऊन जॉन रुईझकडून हेविवेटचा किताब घेतला. तो कोसळला पुन्हा खाली उतरल्यावर, 2004 मध्ये टार्व्हरपुढे दुसऱ्या फेरीत. उसिक खालचा गट सगळा जिंकून वर गेला आणि 2024 च्या मे महिन्यात फ्युरीला हरवून आला. आपल्या घरातले पाहा. अमित पंघालने 2018 मध्ये 49 किलोंत आशियाई क्रीडा सुवर्ण घेतले, 52 ला गेला आणि 2019 मध्ये जागतिक रौप्य आणले. मेरी कोम 48 ची जगज्जेती होती. ऑलिंपिकमध्ये तो गटच नव्हता, म्हणून 51 ला गेली आणि लंडनचे कांस्य घेऊन आली. लवलीना टोकियोत 69 ला कांस्य, 2023 मध्ये दिल्लीत 75 ला जगज्जेती. पॅरिसला ती पदकाविना परतली, हेही मी सांगून टाकतो. आणि नागपूरची आल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडला 81 किलोंच्या वरच्या गटात युवा जगज्जेती झाली. तिला कुणी बारीक व्हायला सांगितले नाही, हे भाग्य.

पण या सगळ्यांच्या आधी आपला माणूस होता. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये 52 किलोंत लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत 57 किलोंत उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. कुणी त्यांना माइकवरून जुन्याच गटात बसवले असते तर?

नोकरीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. कोरडवाहू घरात एका प्रमाणपत्राचे मोल काय असते ते मला कळते, आणि त्या बापाचा मला राग नाही. राग आहे तो त्या बापाच्या गरजेवर आपले सत्कार उभे करणाऱ्यांचा. सुकून सुकून मूत्रपिंड बिघडलेला आणि वीस वर्षांचा होताच हातमोजे खुंटीला टांगलेला मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर काय धावणार आहे?

मग करायचे काय? माझे म्हणणे फार मोठे नाही. पुढच्या हंगामात सत्काराच्या त्या मुलाला 54 किलोंत उतरवावे. पहिल्या दोन-तीन स्पर्धा हरेल, हरू द्यावे. सहा महिने ठोशाची ताकद आणि पायांची हालचाल यांवर काम करावे. घरची ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, डाळ, जमल्यास अंडी, आणि तहान लागेल तेव्हा पाणी. त्याचे अंगच 54 चे आहे; त्यापुढे मात्र गट एकेकच चढावा, उडी मारू नये. अकोल्याला क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवतात, आपल्या जिल्ह्यातून बस आहे. तिथल्या जाणकारांना आधी मुलगा दाखवावा, मग वजन. आणि ज्यांना ऑलिंपिकचे स्वप्न आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पॅरिसमध्ये पुरुषांचा सगळ्यांत खालचा गट 51 किलोंचा होता. ज्या 48 साठी हा मुलगा सुकवायचा, त्याला तिथे दारच नव्हते.

त्याच्या बापाला माझी हात जोडून विनंती आहे. प्रवेशअर्ज भरायच्या आदल्या दिवशी मुलाला पोटभर जेवू घाला, तांब्याभर पाणी प्यायला द्या, रात्रभर झोपू द्या. सकाळी त्याला काट्यावर उभे करा. जो आकडा दिसेल तो ज्या गटात बसतो, तोच गट अर्जात लिहा.