मार्क पडतात म्हणून डॉक्टर?

आमच्या वर्गात गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेले छात्र मोजकेच. मी त्यातला एक. दोन्हींत मार्क बरे पडतात, त्यामुळे सुट्टीत गावी गेलो की ठरलेला प्रश्न येतो, "मग डॉक्टरच ना?" गणितात पदवी घ्यायची म्हणालो की समोरचा जरा गप्प होतो आणि विचारतो, "आणि पुढे?"

बाबांचं म्हणणं सरळ आहे. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि मग भाकरीची काळजी नाही. शिवाय पुण्याला ए.एफ.एम.सी. आहे, तिथे लागलो तर अंगावर वर्दीही येते. ते स्वतः फौजेत होते, म्हणून हा मुद्दा ते सगळ्यात शेवटी काढतात, हुकमाच्या पानासारखा.

तरीही मला वाटतं, नुसते मार्क पडतात म्हणून कुणी डॉक्टर होऊ नये. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. तुम्हाला किती येतं ते त्यातून कळतं. रात्री दोन वाजता वॉर्डात उभं राहावंसं वाटेल का, ते कळत नाही. क्रॉसकंट्रीनंतर आमच्या एम.आय. रूमबाहेर पायाला फोड आलेल्यांची रांग लागते. तिथले नर्सिंग असिस्टंट शेवटच्या पोरालाही पहिल्यासारखंच विचारतात, "कुठं दुखतंय?" माझा एक मित्र मोकळ्या वेळात त्यांच्या मदतीला जातो, कुणी न सांगता. त्याने डॉक्टर व्हावं, जरूर व्हावं. मी मात्र प्रेपमध्ये हृदयाची आकृती अर्धी सोडून, ४ ने भागल्यावर ३ उरतात अशा मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध करण्यात तीन संध्याकाळी घालवल्या. (युक्लिडची युक्ती थोडी फिरवली की जमतं. १ उरणाऱ्यांना ती तशीच लावून बघा, अडकाल.) मन नसलेला गणिती फार तर नापास होईल. मन नसलेल्या डॉक्टरचा भुर्दंड रोग्याला पडतो.

यावर आमचे एक सर रोनाल्ड रॉस यांचं उदाहरण देतात. रॉस यांचे वडील हिंदुस्थानी फौजेत जनरल. मुलाचा ओढा साहित्य-कलेकडे, पण वडिलांनी डॉक्टरकीला घातलं. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असताना १८९७ साली सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला आणि १९०२ साली नोबेल मिळालं. गणित ते नोकरीत असताना आपले आपण शिकले. पुढे त्याच गणिताने त्यांनी दाखवलं की मलेरिया हटवायला प्रत्येक डास मारावा लागत नाही, संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे. सर म्हणतात, "बघ, आधी डॉक्टर हो. गणित मागून येतं."

ज्याला दोन्ही हवं त्याने याच क्रमाने जावं, हे मला मान्य आहे. गणित घरी वहीवर शिकता येतं, शस्त्रक्रिया नाही. पण मला दोन्ही नको आहे. आणि मलेरियाचा प्रश्न हाती लागेपर्यंत रॉस यांचं मन बराच काळ कविता, कादंबऱ्या आणि गणितातच रमलेलं होतं. त्या वर्षांतल्या त्यांच्या रोग्यांबद्दल सर काही बोलत नाहीत.

वर्दीचं म्हणाल, तर गणिताच्या पदवीनंतरही सी.डी.एस. देऊन डेहराडूनला जाता येतं; त्यात १०० गुणांचा गणिताचाच पेपर असतो. पैशाचं मात्र बाबांना पटेल असं उत्तर माझ्याकडे अजून नाही. बहिणीचं शिक्षण व्हायचंय, आणि माझी पहिली नोकरी कधी लागेल ते सांगता येत नाही. तो हिशोब आम्हा दोघांना बसून मांडायचा आहे.

नीट द्यायचीच, ही त्यांची अट मी मानली. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि बंगळूरची भारतीय सांख्यिकी संस्था, या दोन्हींच्या प्रवेशपरीक्षाही देणार आहे. दोन्हीकडे जागा मिळाली तर कुठली सोडणार, तेही त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. फोनवर ते "बघू" म्हणाले.