रिकाम्या आकृतीची परीक्षा

फडताळांत साखरेचा डबा आहे पण त्यांत साखर नाहीं, आणि फडताळांत डबाच नाहीं, या दोहोंतला भेद घरांतलें लहान मूलहि जाणतें. गणकयंत्राला मात्र तो शिकवावा लागतो. आणि शिकविलेलें त्यास नीट उमगलें कीं नाहीं हें पाहणें मोठ्या चिकाटीचें काम आहे.

या शतकाच्या आरंभीं कॅनडांतील व्हिक्टोरिया शहरीं मार्टिन डेव्हिस यांच्या देखरेखीखालीं ‘जेटीएस’ नांवाचा भूमितीच्या आज्ञावलींचा संग्रह तयार झाला. नकाशावरील तळीं, रस्ते, गांवांच्या सीमा यांचे छेद, बेरजा, अंतरें त्यानें काढतां येतात. आतां एकमेकींस न शिवणाऱ्या दोन सीमांचा समाईक भाग मागितला तर? यंत्रानें अडखळून न बसतां ‘रिकामी बहुभुजाकृति’ हातीं ठेविली पाहिजे. तिचें क्षेत्रफळ ०. ती दुसऱ्या आकृतींत मिळविली तर ती दुसरी जशीच्या तशी राहावी. तिच्याशीं छेद घेतला तर पुन्हां रिकामेंच यावें. परीक्षकाला प्रत्येक क्रियेपुढें हा रिकामा डबा ठेवून पाहावा लागतो.

येथवर सोपें आहे. पण, वाचकहो, रिकाम्या आकृतीपासून आपल्या घराचें अंतर किती? ‘जेटीएस’ सांगतें, ०. त्याच घराण्यांतील आज्ञावलींवर उभारलेलें ‘पोस्टजीआयएस’ मात्र ‘नल’, म्हणजे उत्तरच नाहीं, असें सांगतें. आम्हांस दुसरें पटतें. जवळचा दवाखाना शोधतांना यादींत एक रिकामी नोंद राहून गेली, तर शून्य अंतरामुळें नसलेला दवाखानाच पहिला ठरेल, आणि यंत्र कसलीहि कुरकूर करणार नाहीं!

रिकाम्या बिंदूची तर याहून पंचाईत. आकृत्या सांठविण्याच्या ‘डब्ल्यूकेबी’ पद्धतींत रेषेपुढें बिंदूंची संख्या ० लिहितां येते. बिंदूपुढें अशी संख्याच नसते, थेट त्याचे सहनिर्देशक येतात. म्हणून एके काळीं ‘जेटीएस’ असा बिंदु लिहावयास साफ नकार देई. पुढें त्या जागीं ‘संख्या नव्हे’ ही खूण लिहिण्याचा प्रघात पडला. पण १९८५ सालीं ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ या प्रमाणानुसार ही खूण स्वतःशींहि समान नसते! तेव्हां लिहून परत वाचलेला बिंदु मूळचाच आहे काय, हें ताडतांना साधी बरोबरी कामास येत नाहीं. दोन्ही डबे रिकामे आहेत काय, हें परीक्षकानें आधीं विचारावें लागतें.