डब्यातले सूप आणि सुतकाचे घर

खाद्यसंस्कृती आणि साहित्य या विषयावरील एका चर्चासत्रात परवा एका विद्वान वक्त्यांनी अमेरिकेचा निकाल एका वाक्यात लावून टाकला. ज्या देशात सूपही डब्यातून निघते तेथे कसली आली आहे पाकसंस्कृती, असे ते म्हणाले. सभागृह हसले. आम्ही दोघीही हसलो. परतीच्या एस.टी.त मात्र ते हसू आम्हांला बोचू लागले. आमच्यापैकी एकीने त्याच डब्यातल्या सुपावर सुतकाचे दहा दिवस काढले होते.

२०१९च्या जानेवारीतली गोष्ट. सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका गावात राहणाऱ्या आमच्या दादांच्या घरी (दादा आमच्यापैकी एकीचे, दुसरीनेही त्यांना तेच म्हणायचे ठरवले आहे) वहिनी गेल्या. आपल्याकडे अशा घरात चूल पेटत नाही; शेजारून पिठले-भात येतो. परदेशात कोण आणणार, असे वाटत असतानाच दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. शेजारीण उभी होती. हातात काचेचे लांबट भांडे, वर ॲल्युमिनियमचा कागद आणि त्यावर चिकटपट्टीवर लिहिलेले : ‘चिकन नाही, मशरूम घातले आहे.’

या पदार्थाला युटा राज्यात ‘फ्यूनरल पोटॅटोज’, म्हणजे मर्तिकाचे बटाटे, असेच म्हणतात. मर्तिकानंतरच्या जेवणात तो ठरलेला असतो आणि त्या जेवणाची व्यवस्था बहुधा मॉर्मन पंथातील स्त्रियांच्या, १८४२ साली स्थापन झालेल्या रिलीफ सोसायटीकडे असते. तेथील लोक या नावाची स्वतःच थट्टाही करतात. २००२च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी सॉल्ट लेक सिटीत या बटाट्यांचे चित्र असलेली पिनही निघाली होती. पदार्थाची जात कॅसरोलची. आपल्या घरांत कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवण्याचा डबा. तिकडे ते भाजण्याच्या भांड्याचे आणि त्यात शिजलेल्या पदार्थाचेही नाव.

कृती सांगण्यात संकोच कसला? किसलेल्या गोठवलेल्या बटाट्यांची एक पिशवी, घट्ट सुपाचा एक डबा, दोन कप आंबट साय (सावर क्रीम), दोन कप किसलेले चेडर चीज, अर्धा कप वितळलेले लोणी आणि एक कांदा. सारे कालवून नऊ बाय तेरा इंचांच्या भांड्यात पसरायचे, वर लोण्यात घोळवलेले चुरडलेले कॉर्नफ्लेक्स घालायचे आणि ३५० अंश फॅरनहाइटवर पाऊण ते एक तास भाजायचे. मध्ये मऊ, कडेला खरपूस. यातील एकही जिन्नस महागड्या छापाचा लागत नाही. वॉलमार्टने १९९३ साली ‘ग्रेट व्हॅल्यू’ हा स्वतःचा छाप काढला. बटाटे, चीज, सूप, कॉर्नफ्लेक्स सारे त्यात स्वस्तात मिळते. शेजारणीनेच नंतर सांगितले की, एकत्र कालवल्यावर कोणता डबा कोणाचा हे जिभेला कळत नाही, म्हणून यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. स्वतः खाण्यासाठी केलेल्या काटकसरीचे आपण कौतुक करतो. दुसऱ्यासाठी करायच्या पदार्थात ती दिसली की नाक मुरडतो. पण जिला महिन्यातून तीन घरी हे भांडे पोचवायचे आहे, तिची काटकसर हा तिच्या दातृत्वाचाच हिशेब असतो.

आणि तो डबा तेथे का असतो हेही पाहावे. आंबट साय नुसती तापवली तर फुटण्याची भीती असते. सुपात पीठ असते. ते सारे मिश्रण धरून ठेवते. ताकाला बेसन लावल्याशिवाय आपण कढी उकळायला ठेवत नाही, त्यातले शास्त्र हेच. पूर्वीच्या अमेरिकन गृहिणी लोण्यात मैदा परतून, त्यात दूध घालून हे काम करीत. कॅम्पबेल कंपनीचे मशरूमचे घट्ट सूप १९३४ साली बाजारात आले आणि ती खटपट संपली. समीक्षकांना यात पाकसंस्कृतीचा ऱ्हास दिसतो. आम्हांला त्यात दुसऱ्यासाठी मोकळी झालेली वीस मिनिटे दिसतात.

आम्ही मराठी शिकवतो, त्यामुळे पाककृतीही गद्य म्हणूनच वाचतो. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१०चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घराघरांत रूढ केले. अमेरिकन चर्चच्या महिलामंडळांनी निधीसाठी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकांत वाटीची जागा डब्याने घेतली आहे : ‘एक डबा सूप, एक पिशवी बटाटे’. प्रत्येक कृतीखाली देणारीचे नाव. जुन्या पुस्तकांत तेही पुष्कळदा नवऱ्याच्या नावाने. मिनेसोटात अशाच पदार्थाला ‘हॉटडिश’ म्हणतात आणि त्याची ज्ञात असलेली सर्वांत जुनी छापील कृती मंकाटो गावच्या ग्रेस लुथेरन चर्चच्या महिलांच्या १९३०च्या पुस्तकात आहे. मापाचे परिमाण कारखान्याच्या हाती गेले, हा धोका खराच. जुन्या कृतीत बटाट्यांची पिशवी ३२ औंसांची असते, आज दुकानात बहुधा ३० औंसांची मिळते. कृती तीच राहते आणि पदार्थ नकळत आकसतो. मिठाचे प्रमाणही या सुपात भरमसाट. शिवाय रांधून पोचवण्याचे हे सारे काम तिकडेही बायकांच्याच माथी. हे आम्ही नाकारत नाही.

पण त्या हसण्यामागचे कारण मीठ नव्हते. ‘घरचे’ आणि ‘विकतचे’ अशी जी उतरंड आपण रचली आहे, तिच्या तळाशी जुनी शिवाशिव आहे, असे आमचे मत आहे. वहिनींच्या घरी ते पहिले भांडे दिवसभर न उघडता तसेच राहिले. कारण विचाराल तर जी तेथे होती तिने तेव्हा सांगितले असते की, हे असले डबाबंद आमच्याच्याने खाववत नाही. खरे कारण तिने दुसरीला बऱ्याच महिन्यांनी सांगितले. सांगलीकडच्या ज्या वाड्यात ती वाढली तेथे आजोबा गेले तेव्हा चार घरांतून पिठले आले होते. पाचवे घर मागच्या गल्लीतले. त्या घरच्या बाई रिकाम्या हातांनी आल्या आणि अंगणातच बसून रडून गेल्या. त्यांच्या हातचे चालत नव्हते. वाड्यातल्या कोणी त्यांना तसे सांगितलेही नव्हते. त्यांना ते ठाऊकच होते. आमच्या ललित लेखनातली वाड्यांची वर्णने सुगरणींनी भरलेली असतात. या पाचव्या बाई त्यांत सहसा सापडत नाहीत.

रात्री अकराला दादांनी भांडे उघडले. दोन दिवस ते जेवले नव्हते. उभ्या उभ्याच चमच्याने त्यांनी ते निम्मे संपवले आणि म्हणाले, “गरम करून देऊ का गं तुला?”

नंतरची बरीच भांडी ॲल्युमिनियमची, टाकून देण्याजोगी होती. सुतकातल्या माणसांवर भांडी परत करण्याचा भार नको म्हणून तिकडे मुद्दाम तशी वापरतात. पण पहिले काचेचे होते, तळाशी नाव लिहिलेले. आपल्याकडे भांडे रिकामे परत करीत नाहीत आणि सुतकातले काही देतही नाहीत. म्हणून तेराव्यानंतर त्यात शिरा करून नेला. शेजारणीने कृती विचारली. रवा अंदाजाने घेतला होता, पण अंदाज इंग्रजीत सांगता येईना. तेव्हा तिच्याच स्वयंपाकघरात, सुपाचा रिकामा डबा धुऊन, त्याने रवा मोजून दाखवला : एक डबा रवा, एक डबा साखर, दोन डबे पाणी आणि तूप अर्ध्या डब्याला जरा कमी.