कुंपणावरची गोकर्ण

आपल्या शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्याची नजर प्रथम कुंपणावर जाते. श्रावणात गोकर्णाची वेल सगळी तार झाकून टाकते. निळी फुले पाहून पालक हटकून विचारतात, "सर, ही औषधी ना?" आणि लागलीच, "हिने मुलांची स्मरणशक्ती वाढते म्हणे?" या दुसऱ्या प्रश्नासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर एका पालकांनी मुलासाठी गोकर्णाच्या मुळीचे घरी कुटलेले चूर्ण आणले. झाडपाल्याने काय अपाय होणार, असे म्हणून आम्हीही हरकत घेतली नाही. रात्रभर त्या मुलाला जुलाब झाले. मराठीचा पहिला पेपर त्याने कसाबसा लिहिला. गोकर्णाचे मूळ आणि बी रेचक असते, हे आम्ही नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

बुद्धिवर्धक म्हणून आयुर्वेदात शंखपुष्पीची ख्याती आहे. पण शंखपुष्पी कोणती? उत्तरेत जमिनीलगत पसरणाऱ्या एका लहान वनस्पतीला ते नाव आहे, तर केरळात गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतात. नाव एक, झाडे दोन. गोकर्णाच्या मुळीच्या अर्काचे उंदरांवर प्रयोग झाले आहेत आणि ते अधिक चांगले शिकल्याची नोंदही आहे. परंतु वसतिगृहातल्या मुलाला काय आणि किती द्यावे, हे त्यावरून ठरत नाही.

आमचा आक्षेप आणखी खोल आहे. बुद्धी जन्मावर ठरते, असे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. ते खोटे ठरवायला पुस्तके, दिवा आणि पोटभर जेवण लागले. चूर्ण लागले नाही. बुद्धी मुळीत शोधणे आणि ती जन्मात शोधणे, यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही.

म्हणून वेल उपटून टाकावी काय? मुळीच नाही. तिच्या पाकळ्या कोमट पाण्यात टाकल्या की पाणी निळे होते. त्यात लिंबू पिळले की जांभळे-गुलाबी आणि खाण्याचा सोडा घातला की हिरवट. आम्ल आणि आम्लारी यांचा धडा मुलांना पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. ही वेल शेंगावर्गातली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, त्यामुळे कुंपणालगतच्या वाफ्यालाही लाभ होतो. थायलंडमध्ये फुलांचे लिंबू घातलेले सरबत पितात, मलेशियात फुलांच्या रंगाने भात निळा करतात. तिच्या शास्त्रीय नावातला 'टर्नाटिया' हा शब्द इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आला. लवंगेच्या व्यापारासाठी युरोपीय सत्ता ज्या बेटासाठी भांडल्या, तेच हे बेट. इतिहासाच्या शिक्षकाला एवढा मोह क्षम्य असावा.

लावणी सोपी आहे. बियांचे कवच कठीण असते. ते वाळूच्या कागदावर हलके घासावे, बी रात्रभर भिजवून पावसाच्या सुरुवातीला पेरावे. भरपूर ऊन हवे, पाणी साचू देऊ नये, चढायला तार किंवा काठी द्यावी. दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

यंदाच्या वाळलेल्या शेंगा वाचनालयातल्या डब्यात ठेवल्या आहेत, निळ्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. माजी विद्यार्थ्यांनी मूठभर बी अवश्य न्यावे. डब्यावर आठवीच्या मुलांनी चिठ्ठी चिकटवली आहे: 'पेरण्यासाठी. खाऊ नये.'