एकट्याने कांजी टिकत नाही

हैदराबादच्या नामपल्लीत वाढलेल्या पोराला नव्या लिपीची भीती वाटत नाही. स्टेशनाबाहेर पडलं की दुकानांच्या पाट्या तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजीत, आणि घरात मराठी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर आमच्या आधीच्या पिढ्या कायदा, विज्ञान उर्दूतून शिकल्या.

जपानीही मराठी माणसाला सुरुवातीला घरचीच वाटते. क्रियापद शेवटी, नामाला विभक्तीसारखे चिकटणारे प्रत्यय, आणि आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा संस्कृत वर्णमालेवरून बेतलेला क्रम. मग कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, समोर येते. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ अक्षरं, बहुतेकांचे उच्चार एकाहून अधिक. भलेभले इथे वही मिटतात.

म्हणूनच आमचा छोटा गट कांजी गिरवायला सकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर जमतो. मी नामपल्लीतून, कुणी पुण्याहून, कुणी नांदेडहून. एक ताई तोक्योत असतात, त्यांच्याकडे तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. मोबाइल चेहऱ्यावर नाही, वहीवर रोखलेला. कुणाची कुठली रेघ आधी पडली, ते सगळ्यांना दिसतं. आडवी आधी, उभी नंतर. चुकलं की लगेच कुणीतरी टोकतं.

‘मोत्सु’ म्हणजे धरणं आणि ‘मात्सु’ म्हणजे वाट बघणं, या दोन अक्षरांनी मला महिनाभर छळलं. दोन्हींत उजवीकडे ‘देऊळ’ या अर्थाचं चिन्ह. डावीकडे एकात हात, दुसऱ्यात वाटेवरचं पाऊल. नांदेडचा मित्र म्हणाला, “देवळात गर्दी असली की पोराचा हात धरायचा, आणि चुकामूक झाली तर वाटेवर थांबून वाट बघायची.” त्या दिवसापासून माझी गल्लत झाली नाही. असली गोष्ट ॲपमधल्या कार्डातून मिळत नाही, ती माणसाकडूनच मिळते.

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत सगळे प्रश्न बहुपर्यायी. एकही अक्षर हाताने लिहावं लागत नाही, म्हणून पुष्कळ जण लिहायचंच सोडतात. मला हे अजिबात पटत नाही. हाताने न गिरवलेलं अक्षर सारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या अक्षराशेजारी आलं की दगा देतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षेला बसणार असाल, तर आजच दोघं-तिघं गाठा, चौकटीची वही आणा आणि उद्या सकाळी एकमेकांसमोर पहिली पाच अक्षरं लिहा.