अनुदानाची काठी आणि विजेची मोटार

30 सप्टेंबर 2025 या दिवशी अमेरिकेतील विजेच्या मोटारींच्या ग्राहकास मिळणारी सरकारी करसवलत संपुष्टात आली. नव्या मोटारीमागे साडेसात हजार डॉलरांपर्यंत आणि जुन्या मोटारीमागे चार हजार डॉलरांपर्यंत मिळणारी ही सवलत 2022 च्या कायद्याने दीर्घ मुदतीची केली होती. 4 जुलै 2025 रोजी संमत झालेल्या नव्या कायद्याने ती अवघ्या तीन महिन्यांत मोडीत काढली. पुढे जे घडले ते कोणाही व्यवहारी माणसास आधीच सांगता आले असते. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत सुमारे 4 लाख 38 हजार विजेच्या मोटारी विकल्या गेल्या. तेथवरचा हा उच्चांक होता. त्यानंतरच्या तीन महिन्यांत तीच विक्री अडीच लाखांच्याही खाली घसरली. डिसेंबरमध्ये फोर्ड कंपनीने विजेच्या मोटारींच्या योजनांपायी 1,950 कोटी डॉलरांचा बोजा सोसण्याची तयारी जाहीर केली आणि आपला गाजलेला विजेवर चालणारा मालवाहू ट्रक बंद करण्याचे ठरविले.

यावरून विजेची मोटार ही सरकारी दुधावर पोसलेली असून दूध तोडताच ती मान टाकते, असा निष्कर्ष काढणारे पंडित लगेच पुढे सरसावले आहेत. आमच्या मते हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. सवलत अमुक तारखेस बंद होणार असे जाहीर झाले की, जो ग्राहक डिसेंबरात किंवा पुढील वर्षी मोटार घेणार होता तो सप्टेंबरातच दुकानात धाव घेतो. दिवाळीनंतर साखर महागणार असे कळल्यावर ज्याने दोन महिन्यांची साखर आधीच भरून ठेवली, तो पुढचे दोन महिने वाण्याकडे फिरकत नाही. म्हणून त्याने साखर खाणे सोडले असे कोणी म्हणत नाही. सप्टेंबरातील उच्चांक आणि त्यानंतरची घसरण या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. खरा बाजार कोणता हे समजण्यास याहून लांबचा काळ पाहावा लागतो, आणि तो पाहण्याची सोय जर्मनीने करून ठेवली आहे.

जर्मन सरकार 2016 पासून विजेच्या मोटारींस रोख अनुदान देत होते. 15 नोव्हेंबर 2023 रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने सरकारच्या अंदाजपत्रकातील 6,000 कोटी युरोंची एक तरतूद घटनाबाह्य ठरविली. तिजोरीस भगदाड पडताच सरकारने जी कात्री चालविली तीत हे अनुदान सापडले. शनिवार, 16 डिसेंबरला घोषणा झाली आणि रविवारी मध्यरात्री अर्ज घेणे बंद झाले! ज्यांनी महिनोन् महिने आधी मोटार नोंदविली होती, परंतु ती हाती आलेली नव्हती, अशा ग्राहकांस एका रात्रीत हजारो युरोंचा फटका बसण्याची पाळी आली; काही कारखानदारांनी ती रक्कम पदरची भरून आपली पत सांभाळली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. 2023 साली जर्मनीत 5 लाख 24 हजार विजेच्या मोटारींची नोंदणी झाली होती, ती 2024 मध्ये 3 लाख 80 हजारांवर आली. त्या वर्षी जर्मनीत विजेच्या मोटारीचे मर्तिक घातले गेले असे म्हटले तरी चालेल. परंतु 2025 मध्ये, कोणतेही रोख अनुदान नसताना, तीच नोंदणी 5 लाख 45 हजारांवर गेली. म्हणजे अनुदानाच्या अखेरच्या वर्षाहूनही पुढे.

हे कसे घडले? कारखानदारांनी तुलनेने स्वस्त मोटारी बाजारात आणल्या, किमती उतरविल्या, आणि धुराच्या प्रमाणाविषयी युरोपीय संघाचे 2025 पासूनचे निर्बंध कडक असल्यामुळे विजेच्या मोटारी खपविणे त्यांस भागच पडले. कंपन्यांच्या मोटारींवरील करसवलती तेथे चालूच होत्या, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि मुख्य गोष्ट उरतेच. काठी काढून घेतल्यावर रोगी पडला, पण अंथरुणास खिळला नाही. वर्षभरात उठून चालू लागला. पडण्याची दुखापत मात्र टाळता आली असती. ती काठी गेल्यामुळे झाली नाही, ती रात्रीत हिसकावल्यामुळे झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चीनचा कित्ता याच्या उलट आहे. तेथे 2009 पासून चालू असलेले खरेदीचे राष्ट्रीय अनुदान पायरीपायरीने उतरवीत 2022 अखेर बंद करण्यात आले. 2019 मध्ये एकदम मोठी कपात झाली तेव्हा तेथेही विक्री किंचित घसरली होती. परंतु अनुदान पूर्ण थांबल्यावर, बॅटरी व इंधन अशा दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी धरून, 2022 मधील सुमारे 69 लाखांची विक्री 2023 मध्ये सुमारे 95 लाखांवर आणि 2024 मध्ये 1 कोटी 28 लाखांवर पोहोचली. खरेदीकरातील माफी आणि जुनी मोटार मोडून नवी घेणाऱ्यास मिळणारी मदत हे टेकू चिनी सरकारने मागे ठेवलेच होते. नॉर्वेची रीत आणखी निराळी. तेथे विजेच्या मोटारीस पैसे वाटण्यापेक्षा पेट्रोलच्या मोटारीवर जबर कर बसविण्यात आला आणि विजेच्या मोटारीस 1990 पासून क्रमाने करमाफी मिळत गेली. 2025 मध्ये तेथे विकल्या गेलेल्या शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे 96 विजेवर चालणाऱ्या होत्या. धोरण तीस-पस्तीस वर्षे एका दिशेने चालले, त्याचे हे फळ होय.

आता अनुदानावरील आक्षेपाचा विचार करू. नवी मोटार घेणारा माणूस हा बहुधा सुखवस्तू असतो. मग सायकलवरून गिरणीत जाणाऱ्याच्या कराचा पैसा त्याच्या मोटारीवर का उधळावा, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यास उत्तर देणे सोपे नाही. आम्हांस हा आक्षेप रास्त वाटतो. अनुदानाचे समर्थन एकाच मुद्द्यावर होऊ शकते: नवा धंदा मोठा होईपर्यंत माल महाग पडतो, आणि माल महाग असेपर्यंत धंदा मोठा होत नाही. हे कोडे सोडविण्यापुरता सरकारचा हात हवा. ते कोडे बहुतांशी सुटले आहे. 2010 मध्ये बॅटरीच्या एका किलोवॉट-तासास हजार डॉलरांहून अधिक पडत. 2024 मध्ये तीच किंमत सुमारे 115 डॉलरांवर आली होती. म्हणून अनुदान कधी तरी संपलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. प्रश्न आहे तो कसे संपवावे हा.

आपल्या देशातही हा धडा गिरवून झाला आहे. खासगी वापराच्या विजेच्या मोटारीस केंद्राच्या दुसऱ्या ‘फेम’ योजनेत, म्हणजे 2019 ते 2024 या काळात, रोख अनुदान नव्हतेच; ते भाड्याच्या मोटारी, तीनचाकी, बसगाड्या आणि दुचाकी यांस होते. मोटारीस लाभ होता तो 5 टक्के वस्तू व सेवा कराचा. तेवढ्या बळावर 2024 मध्ये देशात सुमारे एक लाख आणि 2025 मध्ये सुमारे पावणेदोन लाख विजेच्या मोटारी खपल्या. एकूण मोटारींच्या मानाने हा आकडा लहान असला तरी वाढ दुर्लक्षणीय नाही. दुचाकींचे मात्र जर्मनीसारखेच झाले. 1 जून 2023 पासून त्यांच्या अनुदानाची मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आली. मे महिन्यात एक लाखाहून अधिक दुचाकी खपल्या होत्या, त्या जूनमध्ये पन्नास हजारांच्याही खाली आल्या. तरीही 2024 च्या वर्षभरात साडेअकरा लाखांच्या आसपास दुचाकी विकल्या गेल्याच. बाजार सावरला, परंतु मधल्या काळात ज्या लहान दुकानदाराने कर्ज काढून माल भरला होता, त्याचे व्याज कोणी भरले नाही.

राज्यांच्या धोरणांतही असाच लहरीपणा दिसतो. कर्नाटकाने 2024 मध्ये 25 लाखांवरील विजेच्या मोटारींवर 10 टक्के आजीवन कर बसविला. महाराष्ट्राने 2025 च्या अंदाजपत्रकात 30 लाखांवरील मोटारींवर 6 टक्के कर सुचविला आणि त्याच महिन्यात तो मागे घेत असल्याचे सांगितले. श्रीमंताच्या मोटारीवर कर असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण आज बसलेला कर उद्या उठणार की आज उठलेला उद्या बसणार, हे ज्यास कळत नाही तो ग्राहक खरेदी पुढे ढकलतो, आणि कारखानदार यंत्रसामग्री मागविणे पुढे ढकलतो.

शिवाय आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांची अडचण किमतीपुरती नाही. बेळगावहून सहकुटुंब पुण्यास निघालेल्या गृहस्थास वाटेतील चार्जिंग केंद्र चालू मिळेल की त्यावर ‘बंद आहे’ अशी पाटी असेल, ही धास्ती कोणत्याही सवलतीने जात नाही. चाळीत राहणाऱ्याने रात्री मोटार कोणत्या खांबाला जोडावी? पाच वर्षांनी ती विकावयाची झाल्यास बॅटरीची उरलेली शक्ती कोणी प्रमाणित करावी? अनुदानातून वाचणारा पैसा या कामी लागला, तर त्याचा उपयोग पहिल्या ग्राहकास होईल, तसाच जुनी मोटार घेणाऱ्या तिसऱ्या ग्राहकासही होईल. आणि सामान्य माणसाच्या दारी मोटार येते ती बहुधा याच वाटेने.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी. अनुदान जरूर बंद व्हावे, पण त्याचे वेळापत्रक तीन-चार वर्षे आधी छापावे आणि मग ते कोणत्याही मंत्र्याने मोडू नये. ज्या वर्षी अनुदान उतरेल त्याच वर्षी रस्त्यावरील केंद्रे वाढावीत, आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी. विजेच्या मोटारीस आता सरकारच्या औदार्याची फारशी गरज उरलेली नाही. तिला गरज आहे ती सरकारने दिलेला शब्द पाळण्याची, आणि त्यासाठी तिजोरीतून एक पैही काढावी लागत नाही.