यावे की न यावे : काकांचा सल्ला आणि पुतण्याची रांग

अमेरिकेत यावे की भारतातच राहावे, या प्रश्नाचे उत्तर तो कोणत्या साली विचारला जातो यावर फार अवलंबून असते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आणि दिवाळीच्या फराळाला हा प्रश्न दरवर्षी निघतो. यायच्या विचारात असलेला कुणाचा तरी भाचा किंवा पुतण्या व्हिडिओ कॉलवर असतो आणि ज्येष्ठ मंडळी त्याला ठासून सांगतात, "ये बिनधास्त. आम्ही उतरलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते." सल्ला मायेचा असतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो जुन्या हिशेबावर. ज्या नियमांच्या आधारे तो हिशेब जमला, ते नियम आता राहिलेले नाहीत.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला जेमतेम १०० जागा दिल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेले कोटे गेले आणि शिक्षण व कौशल्य यांना दार उघडले. त्यानंतरच्या दशकात आलेले कितीतरी मराठी डॉक्टर आणि अभियंते ग्रीन कार्ड हातात घेऊनच विमानातून उतरले. पाच वर्षांनी नागरिकत्व, मग आईवडील, मग भावंडे, असा क्रम बसला. देशनिहाय मर्यादा तेव्हाही होती, पण तिची झळ आजच्यासारखी लागत नव्हती.

आजची चौकट १९९० च्या कायद्याची आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली साधारण सात टक्के. हा आकडा ९,८०० च्या आसपास जातो, आणि त्यात नवरा, बायको, मुले सगळे मोजले जातात. इतरांच्या न वापरलेल्या जागा अधूनमधून भारताकडे वळतात, पण त्यावर संसाराचा बेत आखता येत नाही. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाची वार्षिक मर्यादा मात्र ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी आहे, आणि तिच्यात देशांचा हिशेब नाही. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतात जन्मलेल्यांचे असतात. नरसाळ्यात वरून बादलीभर ओतायचे आणि खालच्या नळीतून थेंब थेंब येण्याची वाट पाहायची, असा हा प्रकार आहे. नळी जन्मदेशावरून ठरते, पासपोर्टावरून नाही. त्यामुळे मिरजेच्याच आईवडिलांचा, पण दुबईत जन्मलेला मुलगा वेगळ्या आणि बऱ्याच आखूड रांगेत उभा राहतो.

रांगेच्या लांबीबद्दल मंडळात हमखास एक चूक ऐकू येते. २०२५ च्या अखेरीच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांच्या वर्गांत भारतीयांसाठी २०१३ सालच्या तारखा चालू होत्या. त्यावरून "म्हणजे बारा वर्षे" असा निष्कर्ष काढला जातो. बारा वर्षे झाली ती २०१३ मध्ये नंबर लावलेल्यांची. आज नंबर लावणाऱ्याने स्वतःच्या पुढे किती माणसे उभी आहेत ते पाहायचे असते. आणि २०१३ नंतरच्या प्रत्येक वर्षाची भर त्या गर्दीत आहे. त्याची वाट काही दशकांची असू शकते. काकांना यावर विश्वास ठेवणे जड जाते, कारण त्यांनी अशी रांग पाहिलीच नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरात हे दोन्ही नमुने एका छताखाली सापडतात. काका सिव्हिलचे, पुतण्या कॉम्प्युटरचा. हुशारीत डावेउजवे करण्यासारखे नाही. काकांनी एका वरिष्ठाशी भांडून नोकरी सोडली, महिनेच्या महिने घरी बसले आणि मग स्वतःचा व्यवसाय थाटला. पुतण्याची नोकरी गेली तर एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड मिळते. त्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर व्हिसाचा वर्ग बदलायचा किंवा निघायचे. काका घरी कुणी आजारी पडले की तिकीट काढत. पुतण्या आधी वकिलातीत व्हिसाच्या स्टँपिंगची तारीख मिळते का ते पाहतो. त्याच्या बायकोला काम करण्याची परवानगी मिळाली ती त्याच्यासाठी मालकाने भरलेला ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावर, २०१५ च्या नियमाने. येथे जन्मलेली धाकटी मुलगी अमेरिकन नागरिक आहे. कडेवर आणलेला थोरला मुलगा डिपेंडंट आहे. २१ वर्षांचा झाला की तो आईवडिलांच्या अर्जातून गळू शकतो. २००२ च्या कायद्याने वयाच्या मोजणीत थोडी सूट दिली आहे, पण ती इतक्या लांब रांगेला पुरणारी नाही.

खरा फरक मात्र आईवडिलांच्या बाबतीत पडतो, आणि याच मुद्द्यावर मंडळी सगळ्यात कमी बोलतात. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिकाला करता येतो. ग्रीन कार्डधारकालाही तो हक्क नाही. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक मर्यादा नसते, म्हणून काकांची आई तुलनेने लवकर आली, बेसमेंटमध्ये तिने देव मांडले आणि शेजारणींना पुरणपोळ्या शिकवल्या. पुतण्याला आधी ग्रीन कार्डाची दशके, मग नागरिकत्वाची किमान पाच वर्षे काढायची आहेत. तोवर आईवडील किती वर्षांचे होतील, ही बेरीज कुणीही करावी. मधल्या काळात त्यांना पाहुण्यांच्या व्हिसावर बोलवता येते. त्यावर एका वेळी सहसा सहा महिने राहता येते, आणि प्रवासी विम्यात जुन्या दुखण्यांचा खर्च बहुधा धरलेला नसतो. बाळंतपणाला आलेली आई मार्च उजाडला की परतीचे दिवस मोजू लागते, कारण तिकडे वडील एकटे असतात. भारतात २००७ साली ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा झाला आणि तो परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण तो कायदा फार तर पैसे मिळवून देतो. रात्री दवाखान्यात न्यायला कुणीतरी तिथे असावे लागते, आणि तो कुणीतरी बहुधा गावात राहिलेला भाऊ, बहीण किंवा सून असते. ज्या बैठकीत "आमचे आईवडील किती सुखात राहिले" याचे कौतुक चालते, तिथे समोर बसलेल्या तरुणाला ते सुख कायद्यानेच नाकारले आहे, याचे भान सुटता कामा नये. मुलांना कर्तव्याचे धडे देण्याआधी मोठ्यांनी नियम वाचावेत.

हा सूर उपदेशाचा झाला, त्याबद्दल ज्येष्ठ वाचकांनी क्षमा करावी. आठ डॉलरवाल्या पिढीने सोसले ते कमी नव्हते. टेलिफोनचे एक मिनिट परवडत नव्हते आणि कोथिंबीर मिळत नव्हती. त्या पिढीने मंडळे उभी केली नसती तर हा अंकही निघाला नसता.

बाकीचे मुद्दे त्या मानाने लहान आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. अमेरिका आणि भारत यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे साधारण दहा वर्षे भरण्याआधी परतणाऱ्याला पगारातून कापल्या गेलेल्या त्या रकमेतून निवृत्तिवेतन मिळत नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरील व्यक्तीसाठी केलेल्या बहुतेक नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क बसवले. मुलांच्या मराठीची काळजी रास्त आहे, पण पुण्यातल्या इंग्रजी शाळांतही ती सुटलेली नाही, म्हणून ती या हिशेबात कोणत्याच बाजूला धरू नये.

भारतात राहण्याच्या बाजूला हिंजवडीची कोंडी, हवा आणि शाळांच्या फिया आहेतच. पण तिथला माणूस नोकरी सोडू शकतो आणि आईकडे त्याच रात्री पोचू शकतो. शिकायला येऊन, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर तीन वर्षे काम करून परतणे हा स्वच्छ हिशेब आहे. जन्माने दुसऱ्या देशाच्या रांगेत बसणाऱ्यासाठी, किंवा तशा व्यक्तीशी लग्न झालेल्यासाठी, कायमचे येणेही शहाणपणाचे ठरू शकते. भारतात जन्मलेल्या, तिशी ओलांडलेल्या आणि पाठीशी एकटे आईवडील असलेल्या माणसाने मात्र केवळ पगाराचा आकडा पाहून कायमचे येऊ नये.

मंडळाने पुढच्या वर्षी या विषयावर कार्यक्रम ठेवावा. व्यासपीठावर काकांच्या शेजारची एक खुर्ची रांगेत उभ्या असलेल्या सभासदासाठी ठेवावी, आणि पहिल्यांदा बोलायला त्याला सांगावे.